जुन्या गावठाणातला पाला

झाडपाला ओळखण्यात उधन्यात माझ्या तोडीचा माणूस नव्हता. हे मीच सांगतोय, म्हणून निम्मं सोडून द्या. पण उरलेलं निम्मं खरं आहे. माझं लहानपण साक्रीकडच्या डोंगरात गेलं, आजोबा जंगलखात्यात रखवालदार. पुढं पोटासाठी सुरतेच्या या उधन्यात आलो, लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, लागलो, आणि चहाच्या टपरीवर बसून मी जेवढं जंगल उभं केलं तेवढं खुद्द डांगातही नसेल. डोळे बांधून मला झाडाखाली उभं करा, नुसत्या सावलीच्या गारव्यावरून झाड सांगतो, असं मी म्हणायचो. एकदा वाघाच्या जखमी पंज्याला दगडीपाला चोळून दिला, हेही सांगायचो. तो वाघ नंतर मला रस्त्यात भेटला की मान हलवायचा, हे मात्र फक्त नव्या मंडळींसाठी.

एक खोड मात्र खरीखुरी. कुठलंही पान माझ्यापुढं धरा, नाव सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. जीभ शिवशिवते. खात्यातली पोरं माझी मजा करायला कुठून कुठून पानं तोडून आणायची. "हिलालभाऊ, हे कोणतं?" आणि हिलालभाऊ सांगायचे. साऱ्या उधन्याला ठाऊक होती ही खोड. घरात तर होतीच.

प्लेग येऊन गेला त्याच्या पुढच्या दिवाळीची ही गोष्ट. माझा शालक गोपाल, म्हणजे माझ्या बायकोचा, मंदाचा, धाकटा भाऊ, आमच्याच खात्यात लूम चालवायचा. पोळ्याला गावाकडं जाऊन आला तो उजवा हात फडक्यात गुंडाळूनच. उकळतं तेल सांडलं म्हणाला. महिना गेला, दीड गेला, फडकं काही सुटेना. बोटं आत वळून पक्ष्याच्या नखांसारखी घट्ट मिटलेली. रात्री हात पेटला की उशीत तोंड खुपसून ओरडायचा. डॉक्टर झाले, मलमं झाली, उधन्यातले दोन भगत झाले.

लूमवाल्याचा उजवा हात म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. चालत्या मागावर तार तुटते, ती पापणी लवायच्या आत बोटांच्या टोकांनी सांधायची असते. ती बोटं गेली की माणूस गेला. शेठनं सांगून टाकलं होतं, दिवाळीनंतर हात चालला नाही तर गोपालचे माग दुसऱ्याला देणार.

मंदा त्याला आपल्या हातानं भरवायची. आई वारली तेव्हा हा रांगत होता; हिनंच त्याला कडेवर वाढवलेलं. घास भरवताना त्याच्याकडं अशी बघायची, की मला माझ्या ताटाकडं बघावं लागायचं.

भाऊबीजेच्या सकाळी तिनं त्याला ओवाळलं. गोपालच्या डोळ्यांत पाणी. "अक्का, तुला ओवाळणीत काय घालू? माझ्याकडं काही नाही."

"काही नको. तू बरा हो," ती म्हणाली.

मग ताट घेऊन माझ्यापुढं आली. नवऱ्याला पाडव्याला ओवाळतात, आणि पाडवा कालच झाला होता.

"अगं, मला काल ओवाळलंस की!"

"काल मनासारखं झालं नाही." तिनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं. ज्योत माझ्या तोंडासमोर जरा जास्तच वेळ फिरली. "आज गोपालबरोबर जा जरा. त्याला काम आहे तुमच्याशी."

काम असं होतं. सुरतेतल्या पर्वत पाटियाजवळच्या एका कापडाच्या व्यापाऱ्याला कोणीतरी सांगितलं होतं, की सोनगडच्या पुढच्या जंगलात एक आग लावणारं झाड आहे. हात लावला की माणूस नाचतो, पण त्याच्या सालीचा धागा रेशमाला मागं टाकतो. फार दुर्मिळ. ते नेमकं कोणतं, एवढं त्याला हवं होतं.

"मी म्हटलं, आमचे भाऊजी असताना कॉलेजवाल्यांना कशाला विचारायचं?" गोपाल म्हणाला.

आता सांगा, एवढं ऐकल्यावर मी घरी बसणारा माणूस आहे का?

मंदा एरवी मला जंगलाचं नाव काढू द्यायची नाही. "या वयात काटे काढत बसू का तुमचे?" म्हणायची. त्या दिवशी मात्र भाकरी, ठेचा, पाण्याची बाटली, सगळं बांधून तयार.

उधन्याहून भुसावळकडची पॅसेंजर धरली. खानदेशात जाणारी माणसं दिवाळीआधीच गेलेली, डब्यात ऐसपैस जागा. बारडोलीला कारखान्याची मळी नाकात शिरली, दोन्ही बाजूंना ऊस. मी गोपालला वाघाची गोष्ट सांगितली. तो हसला. व्यारा गेलं आणि मग तो हसेनासा झाला. खिडकीकडं तोंड, फडक्यातला हात मांडीवर, मध्येच ओठ हलायचे.

"दुखतंय का रे?"

"आज संपेल," तो म्हणाला. लगेच सावरून, "म्हणजे… आज जरा कमी आहे."

सोनगडला उतरून जीप, जीप सोडून पायवाट. ऊन चांगलं लख्ख होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा गोष्टी रात्रीच होतात असं लोक धरून चालतात. चढण चढताना गोपालनं सांगितलं, की त्यांचं जुनं गावठाण इथंच वर आहे. धरणाचं पाणी येणार म्हणून गाव उठवलं, खाली वसाहत दिली. माझं सासर म्हणजे ती वसाहत. जुनं गाव मी कधी पाहिलं नव्हतं.

"मग एवढ्या वर पाणी आलं होतं?"

"नाही. कधीच आलं नाही."

"मग लोक परत का नाही आले?"

तो पुढं चालत राहिला.

वाटेवर एक म्हातारा बकऱ्या घेऊन बसला होता. गोपालनं त्याला दगाबाबा म्हणून रामराम घातला. म्हातारा माझ्याकडं बघत अहिराणीत त्याच्याशीच बोलला.

"पाव्हना शे का?"

"हाऊ. मना पाव्हना शे."

"बोलका शे का?"

गोपालनं खाली बघितलं. "भलता बोलका शे, बाबा."

म्हाताऱ्यानं मान डोलावली आणि बकऱ्या उठवल्या. मला हसू आलं. म्हटलं, माझी कीर्ती डोंगरावरही पोचली. दोन शब्द ऐकवावेत म्हणून वळलो, तर म्हातारा जवळजवळ धावतच उतरत होता. बकऱ्या त्याच्याही पुढं.

वर पोचलो आणि पहिली गोष्ट जाणवली ती गारवा. साग संपून उंबर, आंबा, करंज अशी दाट झाडं. खाली ओल. पाखरू नाही, रातकिडा नाही, माशीसुद्धा नाही. वास मात्र होता, विझवलेल्या चुलीचा. ओल्या राखेचा.

घरांचे फक्त चौथरे उरले होते. दगडांच्या रांगा, एक खोली, दोन खोल्या, पुढं ओटा. आणि त्या चौथऱ्यांच्या आत ते झाड.

बघताक्षणी माझ्या जिभेला मुंग्या आल्या. पण मी घाई केली नाही. कसबी माणूस बघतो आधी. खाजकुइली नव्हती, ती वेल, तिच्या शेंगांना मखमल असते, ती शाळेत मास्तरांच्या खुर्चीवर टाकायची. कुंपणावरची लहान खाजरी वेलही नव्हती. हे ताठ उभं, काही माझ्या खांद्याएवढं, काही डोक्याच्याही वर. पान तळहाताएवढं रुंद, बोटं फाकल्यासारखं फाटलेलं. देठावर, शिरांवर, खोडावर काचेसारखे बारीक, पारदर्शक काटे. काठीनं एक फांदी दाबली, साल सोलून बघितली; आत लांब, चिवट, चकाकता धागा. व्यापाऱ्याचं खरं होतं. तुमच्यातल्या कुणाला एवढ्यावरून ओळखू आलं असेल, तर मनातच ठेवा. मी इथं नाव लिहिणार नाही.

मग मी ते कुठं उगवलंय ते बघू लागलो. झाड ओळखायचं तर त्याची जागा आधी ओळखावी, असं आजोबा म्हणायचे. या जातीला ओल लागते, सावली लागते, आणि माणसाच्या वस्तीची जुनी, खतावलेली माती लागते. ओसाड गावात ती वाढते, यात नवल नाही. नवल दुसरंच होतं. वाटेवर एकही रोप नव्हतं. गोठ्यात नव्हतं, उकिरड्यावर नव्हतं, जिथं खरं तर रान माजायला हवं. फक्त घरात. प्रत्येक घरात चुलीच्या जागेपाशी. कुठं एक, कुठं एक उंच आणि त्याला टेकून एक बुटकं. पानं सहसा उजेडाकडं वळतात. ही सगळी दाराकडं वळली होती.

"भाऊजी, इकडून नीट दिसेल," गोपाल म्हणाला.

तो एका चौथऱ्याच्या बाहेर उभा होता. मी आत गेलो. ही जागा मोकळी होती, एकही रोप नव्हतं. शेजारच्या घरातलं सगळ्यांत उंच झाड इथून अगदी समोर दिसत होतं. मी खाली गुडघे टेकले, दोन्ही हात मुद्दाम खिशात घातले, उगाच काटा नको, आणि त्याच्याकडं बघितलं. वारा नव्हता. एक पान हळूच माझ्या बाजूला झुकलं.

"ओळखलंत?" गोपालचा आवाज घोगरा झाला होता.

"म्हणजे काय!"

"मग सांगा ना… मोठ्यांदा सांगा. व्यापाऱ्याला नीट सांगायला हवं मला."

आणि मी सांगितलं. साक्रीकडचं नाव सांगितलं, डांगातलं सांगितलं, आजोबा म्हणायचे तेही सांगितलं. मोठ्यांदा. छाती फुगवून.

शब्द संपले आणि सगळ्या घरांतून एक आवाज उठला. सळसळ म्हणावी तर पानं हलत नव्हती. खूप माणसं झोपेत एकदम कूस बदलतात ना, तसा. दाराकडं वळलेली सगळी पानं आता माझ्याकडं होती.

मला काहीही शिवलं नव्हतं. हात खिशात होता. तरी खिशातल्या खिशात माझा उजवा हात पेटला. निखारा मुठीत दाबल्यासारखा. बाहेर काढला तर मनगटापासून वर फोड उठत चाललेले, माझ्या डोळ्यांदेखत, एकेक करून, कोणी बोट टेकवत जावं तसे. बोटं आत वळली. मी दुसऱ्या हातानं ती उघडायला गेलो, उघडेनात.

गोपाल रडत होता. फडकं त्याच्या पायाशी पडलं होतं आणि तो आपली बोटं उघडत होता, मिटत होता, उघडत होता. कातडीवर नुसती हिरवट टिंबं उरली होती.

"इथं त्याचं नाव घेत नाहीत, भाऊजी… साप दिसला तर आपण लांबडं म्हणतो, तसं. नाव घेतलं की ते ओळख धरतं. पोळ्याला दारूच्या भरात माझ्या तोंडून गेलं."

"आणि मी?"

"दुसऱ्यानं त्याच्यासमोर आपल्या तोंडानं नाव घेतलं, की पहिल्याला सोडतं. पण जबरदस्तीनं चालत नाही, आणि ज्याला एकदा सोडलंय त्यानं घेऊनही चालत नाही, नुसते त्यालाच नवे फोड येतात. नव्या माणसानं आपणहून, हौसेनं घ्यायला हवं." त्यानं नाक पुसलं. "तुमच्याइतक्या हौसेनं कोण घेणार होतं?"

मला त्याला मारायचं होतं. उठायला गेलो, डावा हात जमिनीला टेकला. जमीन गुळगुळीत लागली. तेव्हा कुठं मी खाली बघितलं.

सारं गाव पाचोळ्यानं भरलेलं, आणि ही एवढीच जागा शेणानं सारवलेली होती. चार-पाच दिवसांपूर्वीची, अजून हिरवट. पाहुणा येणार म्हणून सारवतात तशी, कडेला पांढऱ्या मातीची रेघसुद्धा. बायकांच्या हाताची अर्धवर्तुळं उमटली होती, एकात एक गुंतलेली. प्रत्येक अर्धवर्तुळात मधल्या बोटाचा फराटा नव्हता. तेवढी पट्टी कोरी.

ते बोट मला माहीत होतं. बॉबिन भरायच्या मशीनमध्ये सापडून वर वाकलेलं. आमच्या खोलीपुढच्या ओसरीवर दर सणाला मी ती कोरी पट्टी बघत आलो होतो. वसुबारसेला मंदा माहेरी गेली होती, मावशीला फराळ देऊन येते म्हणून. धनतेरसला परतली तेव्हा पाय दुखतात म्हणत होती. मीच तेल गरम करून दिलं होतं.

आयुष्यभर मी पानं ओळखली. त्या दिवशी एक हात ओळखला.

परतीच्या गाडीत गोपालनं उजव्या हातानं शेंगा सोलून खाल्ल्या. बारडोलीच्या आधीच तो झोपला. हात मांडीवर उघडा, लहान पोराचा असावा तसा. मी माझा पंचात गुंडाळून पोटाशी धरला होता.

दिवेलागणीला घरी पोचलो. दार उघडून मंदानं आधी त्याच्या हाताकडं बघितलं. तो हात दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला, कानशिलावर बोटं मोडली. मग माझ्यासाठी पाण्याचा तांब्या आणला. तो तिनं माझ्या डाव्या बाजूला ठेवला.

मनात केवढं होतं! शिव्या होत्या, वीस वर्षांचा संसार होता. तोंडातून निघालं ते भलतंच.

"सारवायला पाणी कुठून आणलंस? ओढा तर खूप खाली आहे."

"डोक्यावरून आणलं," ती म्हणाली. "दोन खेपा लागल्या."

"मला विचारायचं होतंस, मंदा. मी कदाचित… गोपालसाठी मी कदाचित हो म्हटलं असतं."

"तुम्ही टपरीवर जाऊन त्याची गोष्ट केली असती."

मी डाव्या हातानं तांब्या उचलून पाणी प्यायलो.

रात्र कशी काढली ते मी सांगत नाही. गोपाल उशीत तोंड का खुपसायचा ते मला कळलं, एवढं पुरे. तो मात्र गाढ झोपला होता. सकाळी खात्याचा भोंगा झाला. तो आवरून, डबा घेऊन, शीळ घालत कामावर गेला. दिवाळीतही एक पाळी चालू ठेवली होती शेठनं.

मी मोरीत बसलो होतो. मंदा हातावर पाणी घालायला आली. तिनं पंचा सोडला आणि गार पाणी धरलं. ऊन मोरीच्या झरोक्यातून थेट आमच्या हातांवर पडलं होतं. सणाच्या भरगच्च बांगड्या वर सरकल्या आणि तिचा उजवा हात माझ्या हाताला लागून आला.

तिच्या हातावर गोंदण आहे. लग्नाआधीपासूनचं. मनगटाशी त्रिकोण, वर नागमोडी रांग, कोपराजवळ विस्कटलेला पुंजका. ना तुळस, ना सीतेची चूल. "तुमच्या गावची गोंदणारीण आंधळी होती का गं?" असं मी वीस वर्षं चेष्टेनं म्हणत आलो.

माझ्या फोडांचा मनगटाशी त्रिकोण होता. वर नागमोडी रांग. कोपराजवळ विस्कटलेला पुंजका. टिंबाला टिंब लागत होतं.

पाण्याची धार थांबली नाही. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही.

"तुझं… कोणी घेतलं होतं?"

"आईनं," ती म्हणाली. "तिला सगळं ठाऊक होतं. तरी माझ्या पुढं उभी राहून मोठ्यांदा बोलली. आपणहून."

तिचा राग करावा, की त्या बाईसाठी रडावं, की माझ्यासाठी, ते ठरेना. तेवढ्यात तिनं तांब्या या हातातून त्या हातात घेतला. डाव्या हातावरच्या बांगड्याही वर सरकल्या. तिनं त्या झटकन खाली ओढल्या, पण ऊन चांगलं होतं, आणि बघितलेलं ओळखायची मला खोड आहे.

डाव्या हातावर गोंदण कधीच नव्हतं. आता मनगटाशी त्रिकोण होता, वर नागमोडी रांग, कोपराजवळ विस्कटलेला पुंजका. आणि ती टिंबं हिरवी नव्हती. ती अजून ओली होती.